एकटीची शर्यत : झोप, वीज आणि दोर

१ नोव्हेंबर, धक्क्यावर

उद्या दुपारी एकला शर्यत सुटते. कॅनरी बेटांहून अटलांटिक ओलांडून कॅरिबियनपर्यंत, साधारण २,७०० सागरी मैल, एका बोटीवर एकच माणूस. माझी बोट १० मीटरची. तपासणीवाले आज येऊन गेले. प्रोपेलरच्या शाफ्टला सील लागलं; बॅटरी भरायला इंजिन चालवता येईल, बोट पुढे न्यायला नाही. आणीबाणीच्या पाण्याचे कॅनही सीलबंद केले. तराफा, ईपर्ब (उपग्रहावरून संकटाचा संदेश देणारं यंत्र), टेदर (मला बोटीला बांधून ठेवणारा पट्टा), दिवे, सगळं एकेक करून बघितलं गेलं.

या नोंदी का ठेवतेय ते आधीच लिहिते. मागच्या लांबच्या सफरीत मी झोप उरलेल्या वेळात घ्यायची असं ठरवलं होतं, आणि बोटीवर वेळ कधी उरतच नाही. या वेळी झोप हा साठा धरायचा, पाण्यासारखा आणि विजेसारखा. रोज मोजायचा आणि लिहायचा. म्हणून प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर तीन आकडे: झोप, बॅटरी, कापलेलं अंतर. वेळा सगळीकडे यूटीसी, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेनुसार.

शिवाय सकाळच्या फेरीची यादी वेगळ्या वहीत, प्रत्येक कामापुढे चौकोन. त्यातलं चौथं काम: हॅलियार्ड दोन-तीन सेंटिमीटर सरकवणं. शीड वर धरून ठेवणारा हा दोर डोलकाठीच्या टोकावरच्या चाकावर दिवसेंदिवस एकाच जागी दबून राहिला तर तिथेच झिजतो. रोज जरा ढील दिली किंवा जरा ओढला की झीज वाटली जाते. दोन मिनिटांचं काम आहे.

३ नोव्हेंबर
झोप १ तास ५ मिनिटं. बॅटरी ८८ टक्के. अंतर १३१ मैल.

पहिली रात्र बेटांनी खाल्ली. ही बेटं उंच आहेत. दोन बेटांमधल्या चिंचोळ्या पाण्यात वारा दाबला जाऊन दुप्पट होतो आणि बेटाच्या आडोशाला काही मैल अजिबात नसतो. रात्री दहाला दोन रीफ बांधून, म्हणजे शीड दोन टप्प्यांनी लहान करून धावत होते, अकराला शिडं लटकलेली. त्यात बेटाबेटांतल्या फेऱ्यांची वाहतूक आणि मासेमारीच्या बोटी.

अशा पाण्यात वीस मिनिटांच्या वर झोपायचं नाही. हा आकडा हवेतून आलेला नाही. ५० मीटर किंवा त्याहून लांब जहाजाचा डोलकाठीवरचा पांढरा दिवा किमान ६ मैलांवरून दिसला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. ते जहाज १८ नॉटने (तासाला १८ सागरी मैल) माझ्याकडे येत असेल तर ६ मैल कापायला त्याला बरोबर २० मिनिटं लागतात. म्हणजे मी उठून चारी बाजूंना बघितलं, काही नव्हतं, तर वीस मिनिटं माझी. एआयएस, म्हणजे जहाजांनी रेडिओवर आपली जागा कळवायची यंत्रणा, मोठ्या जहाजांची आगाऊ वर्दी देतं, पण लहान मासेमारी बोटींवर ते असेलच असं नाही.

त्याच नियमावलीतला पाचवा नियम सांगतो की प्रत्येक बोटीने सतत पहारा ठेवला पाहिजे. एकटं माणूस झोपलं की तो नियम मोडतो. शब्द कसेही फिरवले तरी ही गोष्ट बदलत नाही, आणि एकट्याने शर्यत करणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं. म्हणून निदान हिशोब तरी चोख ठेवायचा.

५ नोव्हेंबर
झोप ३ तास २० मिनिटं. बॅटरी ८१ टक्के. अंतर १४४ मैल. संध्याकाळी कर्कवृत्त ओलांडलं.

शरीराला आता लय सापडतेय. व्यापारी वारे ईशान्येकडून १५ नॉटने लागले आहेत. लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जा, मग पश्चिमेला वळ, असं जुने खलाशी सांगत. आज केबिनमध्ये मेणबत्तीसुद्धा मऊ पडली आहे. उद्या वळते.

आजचा दिवस जसा गेला तसा लिहिते, कारण पुढचे बरेचसे असेच जातील.

उजाडताच फेरी. नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून सुरुवात करून डेकवर रांगत मागे यायचं, टेदर जॅकलाइनला (डेकवर लांबीने ताणलेल्या दोराला) अडकवलेला. डेकवर सुटा नट किंवा पिन दिसली तर ती कुठून पडली हे कळेपर्यंत दुसरं काही करायचं नाही. आज फक्त उडते मासे सापडले, सहा, त्यातला एक दोरांच्या पिशवीत. वास जाता जात नाही. मग चौकोनांवर खुणा. मग पाणी उकळून वाळवलेल्या जेवणाच्या पाकिटात ओतायचं आणि दहा मिनिटं वाट बघायची. ती दहा मिनिटं हवामानाच्या नकाशांना. नकाशे सगळ्या स्पर्धकांना सारखेच मिळतात. मार्ग कुठून घ्यावा हे किनाऱ्यावरच्या कुणाला विचारणं नियमात बसत नाही, आणि ते योग्यच आहे.

नऊ ते अकरा शिडांचं काम. अकरा ते दोन ऊन असह्य असतं, तेव्हा केबिनमध्ये तीन डुलक्या, मध्ये उठून क्षितिजावर नजर. दुपारी पाणी बनवायचं यंत्र दीड तास चालतं, कारण तेव्हा सौर पट्ट्या भरात असतात. भांडी समुद्राच्या पाण्याने. अंगही समुद्राच्या पाण्याने, शेवटी पेलाभर गोडं पाणी तोंडावर. संध्याकाळी अंधाराआधी पुन्हा फेरी: रात्री जो दोर हातात लागणार तो मोकळा आहे ना, विंचचं (दोर ओढायच्या चक्राचं) हँडल जागेवर आहे ना, हेडलॅम्प गळ्यात आहे ना.

या सगळ्या वेळात सुकाणू माझ्या हातात जेमतेम तासभर असतं. बाकी ऑटोपायलट. १९६० मध्ये अटलांटिकवरची एकट्यांची पहिली शर्यत झाली तेव्हा पाच बोटी होत्या. चिचेस्टर ४० दिवसांत पहिला आला आणि हॅसलर ४८ दिवसांत दुसरा. दोघांच्याही बोटी वाऱ्यावर चालणाऱ्या स्वयंचलित सुकाणूवर धावल्या. हॅसलरने अशी यंत्रणा स्वतः घडवली होती, चिचेस्टरने आपल्या यंत्रणेला मिरांडा असं नाव दिलं होतं. त्या शर्यतीने खरं तर हेच सिद्ध केलं की सुकाणू यंत्राच्या हाती देऊन माणूस झोपू शकतो. त्यांच्या यंत्राला वारा पुरायचा. माझ्या यंत्राला वीज लागते.

६ नोव्हेंबर
झोप ४ तास १० मिनिटं. बॅटरी ८४ टक्के. अंतर १४९ मैल.

पश्चिमेला वळले. मोठा स्पिनेकर चढवला, मागच्या वाऱ्यावर फुगणारं हलकं शीड. छान दिवस.

८ नोव्हेंबर
झोप १ तास ४० मिनिटं. बॅटरी ५२ टक्के. अंतर १५३ मैल.

वारा तसाच, १५ नॉट, पण समुद्र बदलला. ईशान्येच्या लाटांवर उत्तरेकडून दुसऱ्या लांब लाटा चढून येतायत. दूर कुठेतरी वादळ झालं असणार. दोन्ही एकत्र आल्या की बोट मागून उचलली जाते आणि आडवी फिरायला बघते. ऑटोपायलट सतत सुकाणू ओढतोय. शांत पाण्यात तो तासाला तीन अँपिअर-तास घेतो, आज साडेपाच-सहा. नुसता तोच दिवसाला १३० अँपिअर-तास खातो आणि बॅटरी आहे २०० ची. सौर पट्ट्यांवर दुपारनंतर शिडाची सावली पडते. हायड्रोजनरेटर पाण्यात टाकला. मागे टांगलेला छोटा पंखा, बोटीच्या वेगावर फिरून वीज देणारा. वेग थोडासा खातो, पण पर्याय नाही.

झोप येत नाही ती आवाजाने नव्हे. पायलटची मोटर वेगळ्या सुरात कण्हली की शरीर ताठ होतं: आता वळणार, आता वळणार.

९ नोव्हेंबर
झोप १ तास ५० मिनिटं. बॅटरी ४८ टक्के. अंतर १५६ मैल.

आतापर्यंतचा सर्वांत लांब पल्ला. स्पिनेकर ६ तारखेपासून वर आहे. उतरवायला हवा का, हे तीनदा मनात आलं. क्रमवारीत दोन जागा वर सरकले, म्हणून ठेवला.

बोटीच्या तळाखालून पाणी सरकतं त्यात बोलणं ऐकू येतं. दोन बायका, शब्द कळत नाहीत, एकीचा सूर तक्रारीचा. बाहेर जाऊन बघितलं. १८९५ मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणेला निघालेल्या जोशुआ स्लोकमने आजारपणात आपल्या सुकाणूपाशी कोलंबसच्या काफिल्यातल्या पिंटा जहाजाचा सुकाणूधारी उभा असलेला बघितला होता. त्याला निदान मदतनीस दिसला.

१० नोव्हेंबर
झोप ५५ मिनिटं. बॅटरी ४६ टक्के. अंतर १२२ मैल.

पहाटे ३:४० ला बोटीचं डोलणं बदललं म्हणून जाग आली. बझर वाजायला सात मिनिटं होती. वर आले तर डोलकाठीपुढे आकाश मोकळं. स्पिनेकर पाण्यात, उजव्या अंगाला, अर्धा तळाखाली. हॅलियार्ड वरूनच तुटला होता.

क्रम लिहून ठेवते, पुन्हा कधी लागला तर. आधी टेदर. मग हायड्रोजनरेटर वर उचलला, नाहीतर कापड त्यात गुंतलं असतं. मग मेनसेल (मुख्य शीड) ओढून बोट वाऱ्याकडे वळवली आणि वेग मोडला. मग मी चूक केली: शिडाची दोन्ही टोकं धरून ओढायला लागले. पाणी भरलेलं शीड पोत्यासारखं होतं, माणसाच्या ताकदीने ते हलत नाही. दहा मिनिटं वाया घालवून लक्षात आलं. एक टोक सोडलं, कापड उलटून पाणी सांडू दिलं आणि मग एकाच कडेने हातभर हातभर आत घेतलं. एक तास वीस मिनिटं लागली. शेवटी कॉकपिटमध्ये ओल्या कापडाच्या ढिगावर बसले आणि हात मुठीतून उघडेनात.

उजेडात पाहणी. शिडाच्या खालच्या कडेला साठ सेंटिमीटरची फाट. दोराची दोन्ही तुटकी टोकं हाती आली: एक शिडाबरोबर, दुसरं डोलकाठीच्या आतून ओढून काढलं. बाहेरचं कवच पार गेलेलं, आतले तंतू वितळल्यासारखे चिकटलेले. तुटलं ते नेमकं चाकावर टेकतं तिथेच. चाकाची कड धारदार झाली असणार. बंदरात वर चढून बघायचं. दुसरा हॅलियार्ड शाबूत आहे, त्यामुळे इथे भर समुद्रात एकटीने डोलकाठी चढायची गरज नाही.

११ नोव्हेंबर
झोप ६ तास ३० मिनिटं. बॅटरी ७१ टक्के. अंतर ११८ मैल.

काल दुपारपासून मेनसेल आणि लहान जिबवर (पुढच्या शिडावर) चालवतेय आणि झोपतेय. तीन जागा गेल्या. जाऊ देत.

शिडाची फाट चिकटपट्टीने जोडली. मीठ असलेल्या कापडावर ती धरत नाही, म्हणून फाटेच्या दोन्ही कडा पिण्याच्या पाण्याने धुतल्या, अर्धा लिटर गेलं, आणि केबिनमध्ये वाळवल्या. वरून टाके घातले.

झोप झाल्यावर ९ तारखेची नोंद वाचली. ‘क्रमवारीत दोन जागा वर सरकले, म्हणून ठेवला.’ हे कारणच नाही. त्या समुद्रात, त्या दमणुकीत मोठा स्पिनेकर रात्री उतरवायला हवा होता, आणि हे मला किनाऱ्यावर कुणीही विचारलं असतं तर मी एका श्वासात सांगितलं असतं. झोप कमी पडली की डोळे मिटतात याची मला भीती नाही. निर्णय घेणारं डोकं आपण ठीक आहोत असं सांगत राहतं, ती गोष्ट भयंकर आहे.

क्लॉडिओ स्टाम्पी या इटालियन संशोधकाने एकट्याने शर्यत करणाऱ्या खलाशांच्या झोपेचा अभ्यास केला होता. वीस मिनिटं ते तासाभराच्या तुकड्यांत झोपणाऱ्यांची कामगिरी उजवी दिसली होती. मी तुकडे बरोबर पाडत होते, पण तुकड्यांची संख्या पुरत नव्हती.

नवा नियम: दिवसाला साडेचार तास आधी बाजूला काढायचे. दुपारपर्यंत दोन तास झाले नसतील तर शीड लहान करायचं आणि झोपायचं, क्रमवारी न बघता.

१३ नोव्हेंबर
झोप ४ तास ५० मिनिटं. बॅटरी ७६ टक्के. अंतर १४१ मैल. अर्धं अंतर झालं.

दुपारी एआयएसवर एक स्पर्धक दिसला, आठ मैल उत्तरेला. अकरा दिवसांत पहिलं शीड. व्हीएचएफ रेडिओवर वीस मिनिटं बोललो. त्याचा एक पायलट बंद पडलाय, दुसऱ्यावर चाललाय, तोही गेला तर हाताने चालवावं लागेल. त्यामुळे तो कॉकपिटमध्येच बसून झोपतो, सुकाणूला पाय लावून. मी हॅलियार्डची हकीकत सांगितली. त्याने सर्वांत आधी विचारलं की माझा आवाज बसलाय का. खरंच बसला होता. अकरा दिवसांत मोठ्याने बोलायची वेळच आली नव्हती. त्याच्यासाठी खूप वाईट वाटलं, आणि रात्रभर त्याचा दिवा दिसतोय का हे बघत राहिले.

१४ नोव्हेंबर
झोप ३ तास ४० मिनिटं. बॅटरी ७३ टक्के. अंतर १४७ मैल.

या टोकाला रात्री स्क्वॉल येतात. मागच्या अंगाने एखादा काळा ढग तारे पुसत येतो, खाली पावसाचा पडदा. त्याच्या पुढच्या कडेला वारा १६ वरून ३२ ला जातो आणि दिशाही फिरवतो. ढग डोक्यावरून गेला की मागे काहीच नसतं, शिडं अर्धा तास फडफडत राहतात. रडारवर पाऊस दिसतो, म्हणून रडार दर वीस मिनिटांनी एक फेरी मारून बंद होतं, वीज वाचते. काल रात्री चार आले. प्रत्येक वेळी तारे पुसले जायच्या आत रीफ बांधला. तिसऱ्याच्या पावसात साबण लावून आंघोळ केली, आणि पाऊस मध्येच थांबला नाही.

१७ नोव्हेंबर
झोप ४ तास ३० मिनिटं. बॅटरी ३९ टक्के. अंतर १३४ मैल.

सरगॅसम. पिवळ्या-तपकिरी शैवालाचे पट्टे, वाऱ्याच्या दिशेने लांबच लांब पसरलेले. बोट त्यांच्यावरून जाते तेव्हा खसखस आवाज येतो आणि वेग अर्धा नॉट पडतो. कील (तळाखालचं जड पातं), सुकाणू, सगळीकडे लटकतं. हायड्रोजनरेटरचा पंखा तर दर दहा मिनिटांनी जाम. काल रात्री तो वर उचलून ठेवला आणि आज सकाळी बॅटरीने जाब विचारला. ढगाळ असल्याने सौर पट्ट्याही मंद. शेवटी इंजिन सव्वा तास चालवलं, सील न हलवता, न्यूट्रलमध्ये. केबिन भट्टी झाली.

सुकाणूवरचं शैवाल लांब काठीने ढकलून निघतं. कीलवरचं काढायला शिडं उलटी भरून बोट क्षणभर मागे न्यावी लागते. हे आज तीनदा केलं. प्रत्येक वेळी दहा मिनिटं जातात आणि अर्धा नॉट परत मिळतो. तासाभरातच पुन्हा तेवढंच लटकलेलं असतं.

शैवाल आलं की वीज कमी, वीज कमी की पायलटची काळजी, काळजी की झोप नाही. हा दोर उलटा धरून बघितला आणि आज झोपेच्या बाजूने सोडवला: रडार बंद, पडदे मंद, पाण्याचं यंत्र बंद (टाकीत दहा लिटर आहे), स्पिनेकर खाली, म्हणजे पायलटला काम कमी. वेग सहावरून साडेपाचला आला. दुपारी सलग चाळीस मिनिटं झोपले.

१९ नोव्हेंबर
झोप ४ तास ४० मिनिटं. बॅटरी ६८ टक्के. अंतर १४५ मैल.

शरीराबद्दल लिहायचं राहिलं. मिठाने बसायच्या जागी फोड आले आहेत. ते गोड्या पाण्याने पुसून, कोरडे करून मलम लावल्याशिवाय बरे होत नाहीत, म्हणून रोज पाव लिटर पाणी त्यांच्या नावावर. बोटांच्या पेरांना चिरा पडल्यात, रात्री हातमोजे घालते. मांड्या बारीक झाल्यात, कारण चालणं नाहीच, सगळं रांगणं आणि लटकणं. खांदे मात्र ठणठणीत. तोंडाला चव फक्त सकाळी असते.

जहाजं पुन्हा दिसू लागली. डुलकी परत वीस मिनिटांवर.

२१ नोव्हेंबर
झोप ५० मिनिटं. बॅटरी ७४ टक्के.

५:१० ला रेषा ओलांडली. १८ दिवस १६ तास १० मिनिटं. शेवटची रात्र जागूनच काढली. किनारा, मासेमारीचे तरंगते बोये आणि दिवे. जमीन दिसायच्या आधी तिचा वास आला, ओल्या मातीचा आणि धुराचा.

व्हीएचएफवरचा तो गडी काल दुपारीच पोहोचला होता. दुसरा पायलट शेवटपर्यंत टिकला. धक्क्यावर दोर घ्यायला तोच उभा होता.

२२ नोव्हेंबर, धक्क्यावर

नऊ तास झोपले. सील तपासून झाली, दोन्ही अखंड.

सकाळी डोलकाठी चढले, खाली विंचवर तोच. टोकावरचं चाक हाताने फिरवलं, सहज फिरलं. कडेवर कापसाचा बोळा सगळीकडून फिरवला. एकही तंतू अडकला नाही. धार नाही, चीर नाही, गंज नाही.

खाली येऊन फेरीची वही काढली. चौथं काम, हॅलियार्ड सरकवणं. ३ ते ७ नोव्हेंबर खुणा आहेत. ११ पासून पुढे रोज आहेत. ८ आणि ९ चे चौकोन रिकामे आहेत.